बरणीतलं मटण आणि कुकरच्या शिट्ट्या : कोलोराडोतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोलोराडो स्प्रिंग्जच्या उत्तरेला, डोंगरउतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७,००० फुटांवर राहणारं हे मराठी कुटुंब. मुलगा यंत्र अभियंता, सून शाळेत नोकरीला, दोन शाळकरी मुलं आणि सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली आजी. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी अन्नतंत्रज्ञान शिकलेली. घरी अन्न टिकवणाऱ्यांच्या शंकांना इथं जमेल तशी उत्तरं देते, म्हणून सूनबाईंचा फोन माझ्याकडं आला.

दर शरद ऋतूत हे लोक ओळखीच्या मेंढपाळाकडून दोन कोकरं घेतात. तुकडे करून, पाकिटं बांधून मिळतात, ती गॅरेजमधल्या डीप फ्रीजमध्ये जातात आणि वसंतापर्यंत पुरतात. त्या वर्षी ऑक्टोबरातच जड बर्फ पडला. झाडांवर पानं असताना असा बर्फ पडला की फांद्या मोडतात आणि तारांवर येतात. वीज तिसऱ्या दिवशी आली. गच्च भरलेला फ्रीज उघडला नाही तर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४. यांचा निम्माच भरलेला होता, आणि ‘बघू तरी’ म्हणून दिवसातून चार वेळा उघडला जात होता. ज्या पाकिटांत अजून बर्फाचे कण होते ती शिजवून संपवली, बाकीची कचऱ्यात गेली.

नोव्हेंबरात आणखी दोन कोकरं येणार होती. विजेवर अवलंबून राहायचं नाही, असं मुलाच्या मनानं घेतलं. शेजारचे आजोबा शिकारी. त्यांच्या तळघरात एल्क या मोठ्या हरणाच्या मांसाच्या बरण्या फळीवर ओळीनं मांडलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. फ्रीज नाही, वीज नाही, वर्षभर टिकतं. कसं करता विचारलं तर ते म्हणाले, प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायच्या मोठ्या भांड्यात. मुलानं घरी येऊन सांगितलं, “कुकरमध्येच करतात. तो तर आपल्याकडं आहेच.”

पहिल्या सहा बरण्या

आजीनं आपल्या पद्धतीचा रस्सा केला. कांदा-लसूण मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, नळीसकट मटण. पास्ता सॉसच्या रिकाम्या बरण्या धुऊन ठेवलेल्या होत्या, त्या भरल्या. आठ लिटरच्या कुकरमध्ये तीन-तीन बरण्या बसवून सहा शिट्ट्या आणि वर वीस मिनिटं मंद आच. गार होताना झाकणं एकेक करून टक्‌ वाजली, मधला भाग आत ओढला गेला. बरण्या ओट्याशेजारच्या कपाटात गेल्या.

नवव्या दिवशी शेजारच्या आजोबांनी सहज विचारलं, किती पौंडांवर आणि किती वेळ ठेवल्या? पौंड म्हणजे आतल्या वाफेचा दर चौरस इंचावरचा दाब, पण ते सूनबाईंना सांगता येईना. आजोबांचा चेहरा बघून त्यांनी मला फोन लावला. पहिलं वाक्य असं होतं, “ताई, झाकणं तर एकदम घट्ट बसलीत. मग चांगलंच झालं ना?”

झाकण घट्ट बसणं म्हणजे आतली हवा निघून गेली, एवढंच. आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमकी बिनहवेची जागा लागते. त्याचे बीजाणू मातीत सगळीकडं असतात. एरवी पोटात गेले तरी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण आम्लता कमी, ओलावा भरपूर, हवा नाही आणि घरातलं उबदार तापमान, अशी सोय झाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. पाणी उकळून हे बीजाणू मरत नाहीत. त्यांना ११६ अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान आणि ते पुरेसा वेळ लागतं. दाबाशिवाय पाणी तेवढं तापत नाही. ७,००० फुटांवर तर ते ९३ अंशांनाच उकळायला लागतं. लिंबाच्या लोणच्याला ही भीती नसते, कारण पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे आंबटपणा पुरेसा असला की बीजाणू रुजत नाहीत. मटणाचा पीएच त्याच्या बराच वर असतो.

या विषाला वास असेलच असं नाही, चव बदलेलच असं नाही, बरणी फुगेलच असंही नाही. पोटात गेल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनी, दोन-दोन दिसू लागतं, पापण्या मिटतात, बोबडी वळते, गिळता येत नाही. मग लकवा मारल्यासारखी दोन्ही बाजूंची शक्ती वरून खाली जात राहते. एप्रिल २०१५ मध्ये ओहायोतल्या लँकेस्टर गावी चर्चच्या सहभोजनात बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे घरी बरणीबंद केलेले, पण दाबाखाली न ठेवता नुसत्या उकळत्या पाण्यात. २९ जण आजारी पडले, एक दगावला. बटाट्याची ही कथा, तर मटणाला कोण सूट देणार?

पहिला निर्णय : टाकायच्या की उकळून खायच्या

मी टाका म्हणून सांगितलं. बरणीबंद केल्यापासून २४ तासांच्या आत लक्षात आलं असतं तर फ्रीजमध्ये ठेवून खाता आलं असतं. नऊ दिवस उलटल्यावर तो मार्ग उरत नाही.

आजीला हे पटेना. फोन स्पीकरवर होता. “मी साठ वर्षं रांधतेय. अन्न असं टाकत नाहीत. चांगलं खळखळून उकळते आणि मग वाढते.” यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. बीजाणू चिवट असले तरी विष स्वतः उष्णतेनं मोडतं. घरी बरणीबंद केलेलं मांस खाण्यापूर्वी दहा मिनिटं खळखळून उकळायचं, १,००० फुटांच्या वर राहत असाल तर उंचीच्या दर हजार फुटांना एक मिनिट वाढवायचं, असा नियमच आहे. पण हा नियम नीट केलेल्या बरणीवर जास्तीची खबरदारी म्हणून आहे. चुकीच्या रीतीनं केलेली बरणी जाणूनबुजून उघडायची म्हणजे चमच्यावरचा थेंब, ओट्यावरचा शिंतोडा, मीठ बघायला बोटावर घेतलेला रस्सा, हे सगळं उकळण्याच्या आधी होऊन जातं. शिवाय खोबऱ्याच्या वाटणाचा दाट रस्सा कडेला खदखदतो तेव्हा मधे किती तापलाय ते कळत नाही.

पाच बरण्या न उघडता पिशवीत बांधून कचऱ्यात गेल्या. सहाव्या बरणीच्या झाकणाखालून लालसर तेल पाझरून फळीवर गोल डाग पडला होता. गळणारी बरणी तशीच टाकायची नसते. हातमोजे घालून ती मोठ्या पातेल्यात आडवी ठेवली, वर इंचभर पाणी राहील एवढं पाणी घातलं, झाकण ठेवून अर्धा तास उकळली आणि मग टाकली. फळीवर एक भाग ब्लीच, पाच भाग पाणी असं मिश्रण ओतून अर्धा तास राहू दिलं. आजी तोपर्यंत देवघराच्या खोलीत जाऊन बसली होती. तिच्या हातचं जेवण विषारी म्हणून फेकलं जातंय, असाच तिचा समज झाला होता, आणि तो काढायची जबाबदारी त्या दिवशी कुणीच घेतली नाही.

दुसरा निर्णय : हे करायचंच का?

नव्या कोकरांना अजून तीन आठवडे होते. पर्याय मांडून बघितले.

दुसरा फ्रीज घ्यायचा आणि सोबत छोटा जनरेटर. पैशांनी हे महाग, पण चुकीला वाव सगळ्यात कमी, आणि मटणाची चव-पोत सगळ्यात चांगली राहते. माझं मत याच बाजूचं होतं, तसं मी बोललेही.

सुकवायचं. मांस टिकवायच्या रीती आपल्याकडं काही कमी नाहीत. मराठवाडा-विदर्भातल्या चान्या आहेत, गोव्याचं चोरीस आहे. एकात पाणी काढून घेतलं जातं, दुसऱ्यात मीठ आणि व्हिनेगर राखण करतात. कोलोराडोची कोरडी हवा सुकवायला बरी. पण कोकराची चरबी सुकवताना खवट होते, आणि घरातल्या मुलांना रस्सा हवा होता.

तिसरा मार्ग, रीतसर प्रेशर कॅनिंग. आणि चौथा, मुलाचा : आहे तोच कुकर, फक्त वेळ वाढवून.

मुलाचं गणित

हा चौथा पर्याय मला सविस्तर लिहायचा आहे, कारण शिकलेला मराठी माणूस नेमका इथंच अडतो.

अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकात मांसाच्या तुकड्यांसाठी पाइंटच्या बरणीला ७५ मिनिटं आणि क्वार्टच्या बरणीला ९० मिनिटं दिली आहेत. पाइंट म्हणजे साधारण अर्धा लिटर, क्वार्ट म्हणजे जवळपास एक. दाब उंचीप्रमाणे बदलतो. काटा असलेल्या, म्हणजे तबकडीवर दाब दाखवणाऱ्या कॅनरला २,००० फुटांपर्यंत ११ पौंड, ४,००० पर्यंत १२, ६,००० पर्यंत १३ आणि ८,००० पर्यंत १४. वाफेच्या तोंडावर वजन ठेवायच्या कॅनरला १,००० फुटांपर्यंत १० पौंड, त्यावर सगळीकडं १५.

मुलगा म्हणाला, “आपल्या कुकरच्या शिट्टीचा दाब एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे १४.२ पौंड. माझ्या घराला तुमचं कोष्टक १४ सांगतं. मग अडतंय कुठं?”

गणित बरोबर होतं. ७,००० फुटांवर हवेचा दाब सव्वाअकरा पौंडांच्या आसपास असतो. त्यात १४.२ मिळवले की साडेपंचवीस होतात, आणि तेवढ्या दाबाची वाफ ११६ अंश ओलांडते. कागदावर कुकर पास.

पण ७५ मिनिटं हा आकडा त्या तापमानापुरता काढलेला नाही. जाड भांड्याचा मोठा कॅनर सावकाश तापतो आणि त्याहून सावकाश निवतो. त्या चढत्या-उतरत्या वेळातही बरणीच्या मध्यभागी बीजाणू मरत असतात, आणि चाचण्यांत ते धरलेलं आहे. आपला कुकर झटकन तापतो आणि झटकन थंड होतो. तेवढी भर त्यात पडत नाही. म्हणून क्वार्टच्या निदान चार बरण्या उभ्या राहून झाकण लागेल एवढं भांडं नसेल तर त्याला कॅनर म्हणायचंच नाही, असा दंडक आहे. या घरच्या आठ लिटरच्या कुकरमध्ये चार क्वार्ट उभ्या राहून झाकण लागत नव्हतं. मुलानं पट्टी घेऊन मोजून बघितलं.

दुसरी गोष्ट हवेची. कॅनरचं तोंड उघडं ठेवून दहा मिनिटं वाफेचा जोरदार झोत जाऊ द्यायचा असतो, मग वजन ठेवायचं. आत हवा राहिली तर दाब तेवढाच दिसतो, पण तापमान कमी भरतं. आपल्याकडं कुकर लावला की शिट्टी लगेच चढते. आणि प्रत्येक शिट्टीला वाफ एकदम सुटते, दाब उतरतो, पुन्हा चढतो. वरणभाताला यानं काही बिघडत नाही.

“मग ७५ च्या जागी दीडशे मिनिटं ठेवतो,” मुलगा म्हणाला. दीडशे कशावरून? शंभर का नाही, दोनशे का नाही? त्या कुकरमध्ये, त्या बरणीच्या मध्यभागी तापमापक बसवून कुणी मोजलेलं नाही. अभियंत्याला हा मुद्दा चटकन पटला. मोजमाप नसताना मापात सूट देणं त्याच्या कामातही चालत नाही. घरात विजेवरचा प्रेशर कुकरही होता. त्याच्यासाठीही हे कोष्टक लागू नाही, एवढं सांगून तो विषय संपला.

सगळं ऐकूनही त्यांनी कॅनिंगच निवडलं. तीन दिवस वीज नसल्याचा अनुभव ताजा होता, दुसरं काही नाही.

तिसरा निर्णय : जुना कॅनर घ्यावा का

शेजारच्या आजोबांनी आपला जास्तीचा कॅनर देऊ केला. काट्याचा, पंधरा-वीस वर्षं जुना, उत्तम घासलेला. आजोबांचा भरवसा पूर्ण होता आणि फुकटात मिळत होता. नाही म्हणणं अवघड.

घ्या, पण काटा तपासून घ्या, असं मी सुचवलं. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार सेवेची काउंटी पातळीवर कार्यालयं आहेत. काही ठिकाणी काटा तपासून देतात, आणि तो दर वर्षी तपासायचाच असतो. दोन पौंडांहून जास्त फरक निघाला तर काटा बदलायचा. हा काटा खऱ्या दाबापेक्षा दोन पौंडांहून जास्त दाखवत होता. म्हणजे घरी १४ दिसले असते तेव्हा आत १२ सुद्धा भरले नसते. आजोबांना ही बातमी सांगायचं काम सूनबाईंनी केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात आपल्या दुसऱ्या कॅनरचा काटाही तपासायला नेला.

नवा काटा बसवण्याऐवजी मुलगा-सुनेनं ५, १० आणि १५ पौंडांच्या वजनांचा संच घेतला, सोबत रबराचं नवं गॅस्केट. वजन कधी खोटं बोलत नाही आणि दर वर्षी तपासावं लागत नाही. पण दाब नेमका किती आहे हे त्यावरून दिसत नाही. डुलतंय किंवा डुलत नाही, एवढंच कळतं. पुढं हेच नडलं.

चौथा निर्णय : बरणीत काय जाणार

सूनबाईंना रस्सा बरणीतच हवा होता. उघडला की गरम करून पानात. मी नाही म्हटलं. कोष्टकातली मिनिटं पातळ पाण्यात बुडालेल्या तुकड्यांसाठी आहेत. पातळ पाणी बरणीत फिरत राहतं आणि उष्णता मध्यापर्यंत नेतं. वाटण घातलं की ते फिरणं मंदावतं. खोबरं, कांदा, मैदा, भात, काहीही दाट करणारं चालत नाही. चरबीही काढायची, ती वर चढून झाकणाच्या रबराशी बसली की झाकण धरत नाही.

मोठी हाडं काढायची म्हटल्यावर मुलगा हिरमुसला. नळीशिवाय कसलं मटण! हाडांचा अर्क वेगळा काढून त्याच्या वेगळ्या बरण्या करा, असा तोडगा निघाला. त्याला पाइंटला २० मिनिटं पुरतात, दाब तोच.

मीठ आणि थोडा कोरडा मसाला चालतो. हळद, किंचित मिरपूड एवढ्यावर भागवलं. लवंग-दालचिनीला मीच मना केलं. सव्वा तास दाबाखाली राहून ती मटणाच्या डोक्यावर बसतात. कांदा-लसूण मसाला, वाटण, फोडणी, सगळं बरणी उघडल्यावर.

तो शनिवार

पहिली खेप लहान ठेवली. कॅनरमध्ये एकच थर, पाइंटच्या आठ बरण्या, या वेळी कॅनिंगसाठीच्या. मटणाचे इंचभराचे तुकडे थोड्या तेलावर वरवर परतले, आतून अर्धवट कच्चे असतानाच गरम बरण्यांत भरले. वर अर्क उकळता ओतला, काठापासून एक इंच मोकळं ठेवून. लाकडी पट्टीनं कडेकडेनं बुडबुडे काढले. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं काठ पुसले, कारण मटणाची चरबी नुसत्या पाण्यानं निघत नाही. झाकणावरची आट्यांची कडी बोटांच्या जोरानं लागेल तेवढीच. पिळून आवळली तर आतली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि झाकण वाकतं.

कॅनरच्या तळाला दोन-तीन इंच पाणी, झाकण, दहा मिनिटं वाफ. मग १५ पौंडांचं वजन. वजन डुलायला लागलं तेव्हा सूनबाईंनी फ्रीजवरच्या कागदावर वेळ लिहिली.

पन्नासाव्या मिनिटाला दारावर धाकट्याच्या मित्राची आई आली. सूनबाई तिकडं गेल्या. आजी स्वयंपाकघरात आली आणि तिनं ऐकलं की कुकर केव्हाचा वाजतोय आणि कुणाचं लक्ष नाही. तिनं गॅस बारीक केला. थोड्या वेळानं वजन थांबलं.

“आई, गॅस कमी केलात?”

“मग काय, लगदा करायचाय मटणाचा? शिट्ट्या मोजायला कुणी नको?”

मुलाचा फोन आला. पन्नास झालीत, उरलेली पंचवीस करू का? नियम असा आहे की दाब ठरलेल्या मापाच्या खाली गेला की पुन्हा चढवायचा आणि वेळ शून्यापासून मोजायची. त्यानं विचारलं, जरासाच उतरला असेल तर? काटा भरवशाचा असता तर किती उतरला आणि किती वेळ ते निदान कळलं असतं. वजन थांबलेलं आहे, त्यापलीकडं माहिती शून्य. दाब १४ वर होता की ७ वर, सांगायला साक्षीदार नाही. पूर्ण ७५ मिनिटं पुन्हा. मटण जास्त शिजेल, त्याला इलाज नव्हता.

शेवटी आणखी एक प्रसंग थोडक्यात टळला. वेळ झाल्यावर मुलगा चिमट्यानं वजन उचलायला निघाला. आपण कुकरची वाफ अशीच काढतो, घाई असेल तर नळाखालीही धरतो. इथं तसं केलं की बाहेरचा दाब एकदम पडतो, बरणीतला रस उसळून झाकणाखालून बाहेर येतो, काच तडकू शकते. आणि निवण्याचा जो वेळ हिशेबात धरलेला आहे तो मिळत नाही. गॅस बंद करून कॅनर होता तिथंच सोडला. दाब पूर्ण उतरायला जवळपास तास लागला. मग वजन काढून आणखी दहा मिनिटं, आणि मग झाकण, वाफ पलीकडं जाईल असं तिरकं धरून.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपैकी सात झाकणं बसलेली होती. आठवी बरणी फ्रीजमध्ये गेली आणि दुपारी तिचा रस्सा झाला. एका बरणीतला अर्क तिसरा हिस्सा उतरला होता, वरचे तुकडे उघडे पडून काळपट झाले. झाकण बसलंय आणि निम्म्याहून कमी रस गेलाय, तेव्हा ती ठेवायला हरकत नव्हती. कड्या काढून बरण्या पुसल्या, तारीख लिहिली, तळघरात अंधाऱ्या थंड जागी ठेवल्या. वर्षभरात संपवायच्या.

दोनदा वेळ लागल्यामुळं त्या खेपेचं मटण बोटानं दाबलं तरी सुटत होतं. पुढच्या खेपा एकाच दमात झाल्या आणि तुकडे शाबूत राहिले. तरी ताज्या मटणाची सर त्याला नाही. तुकडा तंतूतंतूनं सुटतो. बिर्याणीला मी ते वापरणार नाही. झणझणीत रस्सा, खिम्यासारखं सुकं, मुलांसाठी मऊ भातात कालवून, यांना उत्तम. अर्काच्या बरण्या मात्र मला मटणाहून सरस वाटल्या. त्यावर केलेला पांढरा रस्सा आजीनंही दुसऱ्यांदा मागितला.

रीत अशी बसली : बरणी उघडण्याआधी झाकण फुगलंय का, उघडताना उसळतंय का बघायचं, न चाखता पातेल्यात ओतायचं, ७,००० फुटांच्या हिशेबानं सतरा मिनिटं खळखळून उकळायचं. तोवर शेजारच्या कढईत वाटण परतून होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या खेपेआधी नुसत्या पाण्याच्या बरण्या घेऊन एक तालीम करायला हवी होती. दाब कसा चढतो, वजन किती जोरात डुललं की आच किती ठेवायची, हे मटण पणाला न लावता कळलं असतं. पुढं ज्यांना-ज्यांना सांगते त्यांना तालीम करायलाच लावते.

काटा आणि वजन दोन्ही ठेवायला हवं होतं. दाब वजनानं राखायचा, काटा नुसता साक्षीला. पन्नासाव्या मिनिटाचा प्रश्न त्यानं सुटला नसता, नियम तोच राहिला असता. पण आच कमी होतेय हे वजन थांबण्याआधी काट्यावर कुणाच्या तरी नजरेस पडलं असतं.

सगळ्यात मोठी उणीव मला आजीच्या बाबतीत वाटते. तिच्या सहा बरण्या टाकल्या तेव्हा तिला कारण नीट सांगितलं नाही, आणि शनिवारी ती घरात असूनही तिला कामात घेतलं नाही. सूनबाई नियम वाचत होत्या, मुलगा आकडे बघत होता, आणि शिट्टीच्या आवाजावर घर चालवलेली बाई बाहेरच्या खोलीत. तिनं गॅस कमी केला तो सवयीनं, आणि ती सवय तिच्या जागी बरोबर होती. दुसऱ्या खेपेला वजनाजवळ तिलाच बसवलं. “हे थांबलं तर मला हाक मारा, गॅसला हात लावू नका,” एवढं सांगून. तिनं तासभर नजर हलवली नाही.

आणि पैशांचं. संच, गॅस्केट, बरण्या, झाकणं (ती दर वेळी नवी लागतात) आणि तीन शनिवार. दोन कोकरांसाठी एवढा खटाटोप करणाऱ्याला मी आजही दुसरा फ्रीज घ्यायलाच सांगेन. शिकाऱ्याच्या घरी एका हंगामात अख्खा एल्क येतो, तिथं हिशेब वेगळा.

साताऱ्यात करायचं तर

आजी परत गेल्यावर तिच्या भाचीनं मला विचारलं, इकडं करता येईल का? सातारा साधारण २,४०० फुटांवर, म्हणजे कोष्टकात काट्याला १२ पौंड, वजनाला १५. आकडे आहेत. पण चार क्वार्टचा कॅनर, त्याचं गॅस्केट, दर वेळी नवी झाकणं, काटा तपासून देणारी जागा, हे सगळं तिथं सहजी मिळत नाही, आणि त्यातलं एक जरी नसलं तरी घरचा कुकरच पुढं ओढला जातो. लोणच्याच्या काचेच्या बरण्या यासाठी नाहीत, हेही तिला स्पष्ट सांगितलं. मुलगा हॉस्टेलवर नेणार असेल तर रिटॉर्ट पाकिटं, म्हणजे सीलबंद करून दाबाखाली तापवलेली जेवणाची पाकिटं, विकत घ्या. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं सैन्यासाठी हे तंत्र केव्हाच बसवलंय, आता दुकानातही तशी पाकिटं मिळतात. घरच्यासाठी साताऱ्यात ताजं मटण रोज मिळतं. भाची म्हणाली, ते खरं, पण मावशीनं तिकडचा पांढरा रस्सा इतका सांगितलाय की करून बघावासा वाटतो. मी तिला ताज्या हाडांचा अर्क काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायला सांगितलं.